साक्षीला ठेवलेलं गेज

छोट्या वाफेच्या इंजिनांच्या त्या मंडळात जावयाला नाव नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दर रविवारी तो सासऱ्यांच्या मागे कोळशाची बादली घेऊन बागेतल्या शेडमध्ये हजर होत होता, तरी त्याची ओळख एका शब्दात संपायची. जावई. जन्माला आल्यापासून त्याने दुसरा काही उद्योगच केला नसावा, अशा थाटात सगळे त्याला तशी हाक मारायचे.

खरं तर त्याचा उद्योग चांगला दणदणीत होता. एका मोठ्या लाँड्रीत तो बॉयलर चालवायचा. खोलीएवढा बॉयलर, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला परवाना, चौदा वर्षांत एक अपघात नाही. पण मंडळात हा विषय निघाला की मंडळी लहान मुलाचं चित्र बघितल्यासारखी हसायची. मोठा बॉयलर काय, कोणीही चालवेल, छोट्याला नजर लागते, हात लागतो, असं भूगोलाचे मास्तर समजावून सांगायचे. मास्तर मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या स्वतःच्या इंजिनाने गेल्या सहा वर्षांत शेडचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यामुळे मतं मांडायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असायचा.

सासरे निवृत्त दंतवैद्य. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. अकरा वर्षं खपून त्यांनी एक इंजिन बांधलं होतं, माणसाच्या गुडघ्याएवढं उंच, खऱ्यासारखं कोळसा खाणारं आणि खऱ्यासारखी वाफ सोडणारं. मंडळात त्याला महाराणी म्हणत. इंजिनामागे एक बुटकी गाडी, तिच्यावर घोड्यावर बसतात तसे पाय टाकून डॉक्टर बसायचे, आणि त्यांच्या मागे पाचसहा पोरं. बॉयलरचं मागचं तोंड, त्यावरचं दाब दाखवणारं गेज, पाण्याची काच, नळ, बुचं, हे सगळं डॉक्टरांच्या पोटापासून हातभर अंतरावर. बागेला वळसा घालून गाडी परत आली की पोरं टाळ्या वाजवायची आणि डॉक्टर फडकं काढायचे.

फडकं हा डॉक्टरांच्या आयुष्याचा अर्थ होता. दात चमकवायची पेस्ट दवाखाना बंद करताना बरीच उरली होती, ती सगळी महाराणीच्या पितळेवर कामी येत होती. जिथे नियमाप्रमाणे गनमेटल, म्हणजे तांब्याकथलाचा मिश्रधातू, वापरायला हवं होतं, तिथेही डॉक्टरांनी पितळ वापरलं होतं, कारण गनमेटल लालसर दिसतं आणि पितळ सोन्यासारखं. आणि पितळेला खरी चमक येते ती गरम असताना, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्यामुळे फेरी संपून बॉयलर निवायच्या आतच ते काचा, कडी, चकत्या खोलून बसायचे. मंडळी भोवती उभी राहून माना डोलवायची.

महाराणीची आणखी एक कीर्ती होती. विस्तव पेटवल्यावर गेजचा काटा अजून शून्यावरून हललेलाही नसायचा, तेवढ्यात तिची शिट्टी वाजायची. दाब शून्य आणि शिट्टी खणखणीत. पाहुणे आले की मास्तर हा चमत्कार आवर्जून दाखवायचे. बांधणीच इतकी कसदार की महाराणीला वाफेचीही गरज नाही, असं एकदा त्यांनी भाषणात सांगितलं होतं, आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं की वाफ नसताना वाजते कशी, माझा कुकर तर कधी वाजत नाही. सगळे खो खो हसले होते. त्यानंतर त्या शेडमध्ये आल्या नाहीत.

दरवर्षी प्रत्येक बॉयलरची तपासणी व्हायची. तपासणी म्हणजे मोठा सोहळा. मंडळाकडे एक प्रमाण गेज होतं, म्हणजे इतर सगळी गेजं ज्याच्याशी ताडून बघायची ते. निळ्या मखमलीच्या पेटीत ते असायचं. तपासणीच्या दिवशी पेटी टेबलावर आणायची, झाकण उघडायचं, आणि इंजिनाशेजारी ठेवायची. बस. ते जोडायचं मात्र नाही. कोणे एके काळी कोणीतरी म्हणालं होतं की आत पाणी गेलं तर ते बिघडेल, आणि एवढं अचूक गेज बिघडलं तर मग अचूक काय राहिलं? हे म्हणणं सगळ्यांना पटलं. तेव्हापासून ते फक्त साक्षीला बसायचं, आणि त्याच्या साक्षीने घड्याळजी सही करायचे.

घड्याळजी मंडळाचे तपासनीस. बावीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासण्या केल्या होत्या, त्यातली शेवटची पाच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. कागदावर सही कुठे करायची तिथे कोणीतरी त्यांचं बोट नेऊन ठेवायचं. यंदा ते पेटीच्या जागी चहाच्या ट्रेवर वाकून ‘उत्तम आहे’ म्हणाले, तेव्हा मंडळाला नाइलाजाने नवा तपासनीस शोधावा लागला.

परवाना असलेला माणूस एकच होता. मास्तरांनी त्याचं नाव, म्हणजे ‘जावई’, सुचवलं आणि वर कारणही दिलं की घरचाच माणूस आहे, उगाच खोड्या काढणार नाही. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जावयाने हो म्हटलं. त्याला एवढंच दिसत होतं की पुढच्या रविवारी बागेतल्या रुळांच्या नव्या पुलावरून पहिली फेरी महाराणीची आहे, आणि तिच्यावर आजोबांच्या मागे, त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालून, त्याची सात वर्षांची मुलगी बसणार आहे. तिचं नाव टिकली. पहिली जागा तिचीच, हे मंडळाच्या घटनेत लिहायचं तेवढं राहिलं होतं.

तपासणी शनिवारी सकाळी ठरली. पेटी आली, झाकण उघडलं, सगळे अदबीने गप्प झाले. जावयाने पाना काढला आणि शांतपणे विचारलं की हे गेज कुठल्या नळीला जोडू. 

त्याने जणू सासऱ्यांचे दातच हातात मागितले होते. मग सगळे एकदम बोलायला लागले. पाणी जाईल, आटे झिजतील, काच धुरकट होईल. जावयाने विचारलं की मग ते आहे कशासाठी. मास्तर म्हणाले, ‘‘प्रमाण म्हणून.’’ त्याने पिशवीतून लाँड्रीतलं गेज काढलं, तीनच आठवड्यांपूर्वी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून आलेलं, काळं, ठोकळ, तेलकट. मखमलीशेजारी ते ठेवल्यावर दोनतीन जणांनी नजरच फिरवली.

ते जोडायला त्याने बॉयलरच्या मागच्या तोंडावरचं एक पितळी बूच उघडलं. बूच आरशासारखं चमकत होतं. बाहेर आलं तेव्हा त्याचे आटे सोबत आले नाहीत. ते भोकात लालसर भुगा होऊन राहिले होते. जावयाने बुचावर नख दाबलं, तर कड बिस्किटासारखी तुटली. गरम पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं, मागे पोकळ तांबं उरतं, आणि म्हणूनच तिथे गनमेटल वापरतात. हे लाँड्रीतल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. आणि हे बूच डॉक्टरांच्या पोटाकडे तोंड करून बसलेलं. सुटलं असतं तर मागून उकळतं पाणी आणि वाफ, सरळ त्यांच्यावर आणि त्यांच्या कमरेला धरलेल्या दोन हातांवर.

तरी जावयाने काम थांबवलं नाही. स्वतःची जोडणी बसवली, बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरला आणि हातपंपाने दाब चढवायला सुरुवात केली. पाण्याने तपासायचा फायदा असा की काही निसटलं तर फार तर विजार भिजते.

त्याचं गेज दहावर गेलं, वीसवर गेलं, तिसावर गेलं. महाराणीचा काटा शून्यावर स्वस्थ. मंडळी त्याच्या गेजकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. अडतीसवर महाराणीचा काटा पहिल्यांदा हलला. त्यानंतर दोन्ही काटे जोडीने चढत राहिले, कायम अडतीसच्या अंतराने. महाराणीच्या गेजवर ऐंशी पौंड झाले, म्हणजे बॉयलर जेवढ्यासाठी बांधला होता तेवढे, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बरोब्बर उघडला. जावयाच्या गेजवर तेव्हा एकशेअठरा होते.

काय घडलं होतं ते त्याला उभ्या उभ्या कळलं. कधीतरी एका फेरीनंतर, बॉयलरमध्ये वाफ शिल्लक असतानाच, डॉक्टरांनी चमक आणायला गेजचा काटा उपटला असणार, चकती पुसली असणार, आणि काटा परत बसवताना शून्यावर बसवला असणार. आत होते अडतीस पौंड. त्यांचं नाव त्या दिवसापासून शून्य पडलं. बॉयलर निवल्यावर काट्याला आणखी खाली जायचं होतं, पण तिथे टेकायची खीळ होती, म्हणून तो तिला टेकून राहिला आणि पुढे कोणालाच काही कळलं नाही. शिट्टीने एवढं बोंबलून सांगितलं, तर तिच्यावर भाषण झालं.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘काटा शून्यावर असतो तेव्हा हिच्या पोटात अडतीस पौंडांपर्यंत दाब असू शकतो.’’

डॉक्टर हसले. ‘‘माझं गेज आणि माझा सेफ्टी व्हॉल्व्ह, दोघांचं एकमत आहे, जावईबापू. दोन साक्षीदार एक सांगतायत आणि तुमचं एकटं दुसरं.’’

‘‘व्हॉल्व्हची स्प्रिंग तुम्ही गेज बघूनच लावलीत ना? एकाने दुसऱ्याला पढवलंय.’’

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ते दोन हात होते. त्याने कुरतडलेलं बूच तळहातावर ठेवून पुढे केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘बाहेरून पांढरा दिसतो म्हणून तुम्ही कधी कोणाचा किडका दात तसाच सोडलात का, बाबा?’’

डॉक्टरांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं, आणि तेही घड्याळजींसमोर. त्यांनी बूच घेतलं, खिशात टाकलं आणि महाराणीवर कापड घालायला लागले. जावयाने सही न करता कागद परत ठेवला. त्याला वाईट वाटलं. सही न केल्याचं नाही, दाताचं.

मंडळाची तातडीची सभा पंधरा मिनिटांत भरली, कारण सगळे तिथेच उभे होते. मास्तरांनी तीन मुद्दे मांडले. एक, लाँड्रीचं गेज कपड्यांसाठी आहे, इंजिनांसाठी नाही. दोन, प्रमाण गेज तपासणीला हजर होतं आणि त्याने कसलीही हरकत घेतलेली नाही. तीन, तपासनीस हा डॉक्टरांचा नातेवाईक असल्यामुळे त्याच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करता येत नाही. ज्या कारणासाठी त्याला आठवड्यापूर्वी निवडलं होतं त्याच कारणासाठी तो एकमताने दूर झाला. घड्याळजींना सन्मानाने परत बोलावण्यात आलं, म्हणजे खुर्ची दोन हात पुढे सरकवण्यात आली, आणि त्यांचं बोट कागदावर नेऊन ठेवण्यात आलं. डॉक्टरांनी त्या संध्याकाळी नवं बूच बनवून बसवलं. पितळेचंच. बाकीची सात जुनी बुचं तशीच राहिली, कारण ती अजून चमकत होती.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती डॉक्टरांचीच मुलगी, त्यामुळे आधी दाताच्या वाक्यावरून तिने नवऱ्याला फैलावर घेतलं आणि मग वडिलांना फोन लावला. त्यांनी तो उचलला नाही. टिकली शुक्रवारपासून आजीआजोबांकडेच राहायला गेली होती. सासूबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की हे जेवले नाहीत, नुसते त्या जुन्या बुचाकडे बघत बसलेत, आणि पोरगी सकाळी त्यांच्याबरोबरच बागेत जाणार म्हणून हटून बसली आहे. हे काही बोलत नाहीत, मग मी कोणाला आणि काय सांगू, असं त्यांनी वर विचारलं.

रविवारी दोघं नवराबायको बागेत पोचली तेव्हा पुलाला फीत बांधून झाली होती. मास्तरांचं भाषण सुरू होतं आणि त्यात सुरक्षितता हा शब्द पाचव्यांदा आला होता. महाराणी रुळावर उभी होती, सोन्यासारखी. डॉक्टर गाडीवर बसले होते. टिकली त्यांच्या मागे, दोन्ही हात त्यांच्या कमरेला. तिच्यामागे आणखी पाच पोरं, आणि बाजूला फोन उंच धरून उभे असलेले आईबाप. 

जावयाचं ठरलं होतं. कोणाशी वाद घालायचा नाही. सरळ जायचं, टिकलीला काखेत धरून उचलायचं आणि चालू लागायचं. मग सासऱ्यांनी आयुष्यभर तोंड नाही बघितलं तरी चालेल. तो गर्दीतून वाट काढत निघाला. लांबूनच त्याला गेज दिसत होतं. काटा पन्नासवर होता, म्हणजे आत अठ्ठ्याऐंशी.

तो पोचायच्या आतच डॉक्टर वळले. त्यांनी कमरेचे दोन छोटे हात हळूच सोडवले, टिकलीला उचललं आणि रुळाबाहेर उभं केलं.

‘‘टिकले, तू आज आईजवळ थांब.’’

टिकलीने भोकाड पसरलं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं नाही, ते समोर गेजकडे बघत होते. जावयाच्या जिवात जीव आला. बायकोने धावत येऊन मुलीला कडेवर घेतलं आणि तिघंही फाटकाकडे वळली. सात वर्षांची मुलगी कडेवर जड होत होती, पण बायको तिला सोडायला तयार नव्हती. झालं, सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

मागून मास्तरांचा खुशीतला आवाज आला. डॉक्टरांनी स्वतःच्या नातीची जागा दुसऱ्याच्या लेकराला दिली, याला म्हणतात मोठं मन, असं ते गर्दीला सांगत होते. जावयाने वळून बघितलं. मास्तरांनी पुढच्या फेरीसाठी रांगेत उभी असलेली पहिली मुलगी उचलून पहिल्या जागेवर ठेवली होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आधाराला डॉक्टरांच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला.

डॉक्टर ताठ झाले. त्यांचा हात इंजिनाला वाफ सोडणाऱ्या दांड्यावर होता, तो तिथेच राहिला.

जावई परत गेला. आवाज वाढवायची गरज नव्हती, तो त्यांच्या कानाजवळ वाकला.

‘‘बाबा, आणि हिला?’’

डॉक्टरांनी खाली वाकून विस्तवाखालच्या जाळीची खीळ ओढली. सगळा विस्तव भसकन रुळांमध्ये पडला, राखेचा लोट उठला, आईबाप ओरडत मागे सरले. डॉक्टर उठले, वेण्यावालीला स्वतः उचलून लांब नेऊन ठेवलं, आणि मग मागच्या एकेकाला. प्रत्येकाला उचलताना ते त्याचं नाव विचारत होते.

मास्तर राखेतून खोकत खोकत आले. कालच तर रीतसर प्रमाणपत्र दिलंय, आता काय झालं, असं त्यांनी विचारलं.

‘‘हो, माझ्या खिशात आहे ते,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ते खिशात असतानाच मी माझी नात खाली उतरवली.’’

यावर जावयाने सासऱ्यांना काही ऐकवलं असतं, तर ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत होते. पण आपली मुलगी घेऊन तोही फाटकाकडे निघालाच होता.